जुनी मोटरबोट ताब्यात घेण्यापूर्वी

वापरलेल्या मोटरबोटीची किंमत एकरकमी सांगितली जाते, पण त्या रकमेत तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जात असतात: बॉडी, इंजिन आणि कागद. या तिन्हींची वये बहुधा जुळत नाहीत. बारा वर्षांच्या बॉडीवर तीन वर्षांचे इंजिन असते, नाहीतर नुकत्याच रंगवलेल्या बॉडीवर दुसऱ्याच बोटीवरून उतरवलेले इंजिन बसवलेले असते, आणि कागदांत तिसरेच वर्णन असते. म्हणून तिन्हींची पारख वेगवेगळी करावी लागते. बॉडी आणि इंजिन तपासताना मात्र एकच शोध घ्यायचा असतो. पाणी कुठून शिरले, कुठे साचून राहिले आणि ते झाकायला वरून काय फासले, हे ज्याला शोधता येते त्याच्यापासून बोटीचे फारसे काही लपत नाही.

बोट कधी पाहायची, हेही महत्त्वाचे आहे. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि मालवण, तारकर्लीकडच्या पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटीही पावसाळ्यात वर ओढून झाकून ठेवतात. मे अखेरीस बोट किनाऱ्यावर घेतली की तिचा तळ उघडा पडतो. शेवाळ आणि शिंपले खरवडून काढलेले, पण रंगाचा ब्रश अजून लागलेला नाही, असे जे चार-आठ दिवस मिळतात त्यांत बोट पाहणे सर्वांत चांगले. नारळी पौर्णिमेच्या सुमारास तीच बोट नव्या रंगात सगळ्यात देखणी दिसते आणि तेव्हाच तिच्याविषयी सर्वांत कमी कळते. पाण्यात तरंगत असलेली बोट तळ न पाहता कधीही घेऊ नये. ती वर ओढण्याचा खर्च घेणाऱ्याने करावा; एकूण व्यवहाराच्या मानाने तो किरकोळ असतो.

पहिली नजर लांबून टाकायची. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नाळेपाशी उभे राहून बॉडीच्या बाजूने मागे पाहिले की फायबरवरची चकाकी सलग धावते की मध्येच वाकडी होते, हे दिसते. चकाकी जिथे मोडते तिथे पूर्वी ठोकर लागून दुरुस्ती झालेली असते. दुरुस्ती असणे हा दोष नव्हे. ती आतून काचतंतूंची मॅट घालून नीट केली आहे की बाहेरून नुसती पुट्टी भरली आहे, हे पाहायचे असते. त्यासाठी त्याच जागी बोटीच्या आतल्या बाजूला हात फिरवावा. पाणरेषाही पाहावी. शेवाळाचा पट्टा मालकाने रंगवलेल्या रेषेच्या बराच वर गेला असेल, विशेषतः मागच्या बाजूला, तर बोट मुळात ठरलेल्यापेक्षा खोल बसते आहे. एवढे जादा वजन बोटीच्या पोटात मुरलेल्या पाण्याचे असण्याचा संभव मोठा.

फायबरच्या बोटीचा वरचा गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्याखाली रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे थर असतात. जेलकोटवरच्या बारीक चिरांना घाबरायचे कारण नसते, पण त्यांची ठेवण वाचता आली पाहिजे. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फाकणाऱ्या चिरा म्हणजे तिथे धक्का किंवा खडक लागला आहे. एकमेकींना समांतर धावणाऱ्या चिरा, खास करून डेक आणि बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यात किंवा इंजिनाच्या बैठकीभोवती, म्हणजे तो भाग चालताना सतत लवतो आहे. पहिली चीर एका घटनेची खूण असते. दुसरी अशक्तपणाची असते, आणि ती पुट्टीने बुजवली तरी हंगामाभरात परत उमटते.

यानंतर बोट वाजवून पाहायची. प्लॅस्टिकची छोटी हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन वीतभर अंतरावर टकटक करत संपूर्ण तळ फिरावा. मडके विकत घेताना बोटाने वाजवून पाहतात तोच हा न्याय आहे. घट्ट फायबर टणक आवाज देते, आणि जिथे थर एकमेकांपासून सुटले आहेत किंवा आतले लाकूड भिजले आहे तिथे आवाज बद्द होतो. बद्द आवाजाच्या जागी खडूने खूण करत जावे. शेवटी खुणा विखुरलेल्या आहेत की एकत्र येऊन मोठा पट्टा झाला आहे, यावरून पुष्कळ कळते. ओलावा मोजणारे मीटर मिळाले तर त्याच खुणांवर ते लावावे. पण नुकत्याच पाण्यातून काढलेल्या किंवा मीठ सुकलेल्या बॉडीवर मीटर उगाच जास्त आकडा दाखवते. बोट गोड्या पाण्याने धुऊन, काही दिवस वाळवून मगच मोजलेले आकडे भरवशाचे.

तळाला वाटाण्याएवढे किंवा त्याहून मोठे फोड दिसले तर एखादा टोचून पाहण्याची परवानगी विकणाऱ्याकडून घ्यावी. आतून आंबट, उग्र वासाचे पाणी निघाले तर तो ऑस्मॉसिस. जेलकोटमधून पाणी अत्यंत सावकाश आत झिरपते, रेझिनमधले न जमलेले घटक त्यात विरघळतात, आणि तयार झालेले गाढ द्रावण बाहेरचे आणखी पाणी ओढून घेते. दाब वाढला की थर फुगतो. गरम पाण्यात ही क्रिया जलद होते, त्यामुळे आपल्याकडे वर्षानुवर्षे पाण्यातच नांगरून ठेवलेल्या बोटींत फोड जास्त दिसतात. तुरळक फोडांनी बोट बुडत नाही. ते खरवडून, वाळवून, इपॉक्सीने भरता येतात, आणि किंमत ठरवताना तो खर्च वजा करावा. सगळा तळच फोडांनी भरला असेल तर बोट महिनोन्‌महिने वाळवावी लागते आणि छोट्या बोटीच्या बाबतीत ते काम बोटीच्या मोलापेक्षा महाग पडते.

आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीत सर्वांत जास्त वेळ ट्रान्समवर घालवावा. ट्रान्सम म्हणजे इंजिन जिच्यावर टांगलेले असते ती मागची उभी भिंत. बाहेरून फायबर दिसले तरी जुन्या बोटींत आत बहुधा प्लायवुड असते. इंजिन बसवताना तिला आरपार भोके पाडलेली असतात, आणि बोल्टभोवतीचे सीलंट सुकले की पाणी त्या वाटेने प्लायवुडमध्ये शिरते. लाकूड आतल्या आत कुजते. वरचा फायबर मात्र वर्षानुवर्षे धडधाकट दिसत राहतो. पारख सोपी आहे. इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर एका माणसाने भार द्यावा आणि दुसऱ्याने ट्रान्समच्या वरच्या कडेवर नजर ठेवावी. कडा इंजिनाबरोबर किंचितही हलली, किंवा बोल्टच्या वॉशरखालून पाण्याचे तपकिरी ओघळ आलेले दिसले, तर आतले लाकूड गेले आहे. वॉशर फायबरमध्ये रुतलेले असणे ही त्याचीच दुसरी खूण. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: मूळ इंजिन कोणते होते? ४० अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक इंजिन साधारण ७० ते ७५ किलोंचे असते, तर ६० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक ११० किलोंच्या आसपास जाते. जुन्या ट्रान्समवर नवे जड इंजिन चढवलेले असेल तर ती भिंत मुळात त्या वजनासाठी केलेलीच नव्हती. ट्रान्सम नवा करायचा म्हणजे इंजिन उतरवून आतला किंवा बाहेरचा फायबर कापावा लागतो, त्यामुळे इथला निकाल व्यवहाराची दिशा ठरवतो.

बोटीच्या तळातून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधाराच्या पट्ट्यांत म्हणजे स्ट्रिंगरमध्येही अनेकदा लाकूडच असते. डेकवर अनवाणी चालावे. पायाखाली लवणारी जागा बुटांतून कळत नाही. दोन थरांमध्ये भरलेला तरंगता फोम पाणी पिऊन बसला असेल तर तो सहसा वाळत नाही. तपासणीचे झाकण उघडून फोमचा एक तुकडा काढून पिळून पाहिला की शंका उरत नाही.

कोकणात जुन्या लाकडी होड्यांवर फायबरचा लेप चढवण्याची पद्धत आहे आणि अशा होड्या ‘फायबरची बोट’ म्हणून विकायला येतात. लेप चढवताना लाकूड पुरते सुकलेले असेल तर होडीचे आयुष्य वाढते. ओल्या लाकडावर लेप चढवला तर तो ओल कोंडून ठेवतो, आणि लेपाला कुठे भेग पडली की टेरेडो हा लाकूड पोखरणारा सागरी प्राणी आत शिरतो. बाहेरचे भोक टाचणीच्या डोक्याएवढे आणि आत बोगदे, अशी त्याची कामगिरी असते. अशा होडीत लेप नसलेल्या आतल्या बाजूने फळ्या आणि कणा टोकदार साधनाने टोचून पाहावा. टोक सहज रुतत असेल तर वरचा फायबर हा फक्त एक कवच उरला आहे.

धातूच्या भागांवर बोटीचा पूर्वीचा मुक्काम वाचता येतो. तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयात चाललेली बोट आणि देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी चाललेली बोट एकाच वर्षी बांधलेल्या असल्या तरी त्यांची इंजिने एका वयाची राहत नाहीत. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांच्यात सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो आणि कमी प्रतीचा धातू झिजतो. म्हणून इंजिनाला झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड लावतात. इतर भागांऐवजी त्याने झिजावे हाच त्याचा उपयोग. अर्धा झिजलेला अ‍ॅनोड ही चांगली खूण आहे. पूर्ण खाऊन गेलेला असेल तर झीज आता इंजिनाच्या आवरणावर चालू झाली आहे. आणि जुना असून कोरा करकरीत दिसत असेल तर त्याच्यावर रंग मारला आहे किंवा त्याचा धातूशी संपर्क तुटला आहे, म्हणजे तो कामच करत नव्हता. गोड्या पाण्यात झिंकवर पापुद्रा धरून तो निकामी होतो, तिथे मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम लागते. जलाशयातली बोट समुद्रात न्यायची असेल तर हे आधी बदलावे.

इंजिन पाहायला जाताना ते आधी चालू करून ठेवू नये, असे विकणाऱ्याला सांगून ठेवावे, आणि पोहोचताच पहिल्यांदा हूड काढून इंजिनाला हात लावून पाहावा. इंजिन कोमट लागले तर गार असताना ते सुरू व्हायला त्रास देते, असे समजायला जागा आहे. हूडखाली मिठाचे पांढरे थर, सुटलेले क्लॅम्प, गंजलेले बोल्ट दिसतात का पाहावे. प्रत्येक फेरीनंतर गोडे पाणी सोडून धुतलेल्या इंजिनाचा चेहराच वेगळा असतो. ब्रॅकेटवरची क्रमांकाची पट्टी खरवडलेली किंवा काढून टाकलेली असेल तर पुढची तपासणी करण्याचीही गरज नाही.

मग खालचा गिअरबॉक्स, म्हणजे लोअर युनिट. त्याचा खालचा स्क्रू थोडा सैल करून तेलाचे काही थेंब बोटावर घ्यावेत. स्वच्छ किंवा काळपट तेल चालते. दुधट तेल आले तर सील फुटून आत पाणी गेले आहे. स्क्रूच्या टोकाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असणे नेहमीचेच; धातूचे कपचे चिकटले असतील तर गिअरचे दात तुटत आहेत. सील जाण्याचे आपल्याकडचे नेहमीचे कारण म्हणजे पंख्यामागे शाफ्टला गुंडाळलेला तंगूस. जाळ्याचा किंवा गळाचा हा नायलॉन धागा फिरत्या शाफ्टबरोबर सीलमध्ये घुसून ते कापतो. पंखा काढून ही जागा पाहायला पाच मिनिटे पुरतात, आणि तेवढ्यासाठी गिअरबॉक्स गमावलेल्या इंजिनांची संख्या कोणत्याही बंदरावरच्या मिस्त्रीला विचारावी. पंखा न्यूट्रलमध्ये हाताने फिरवताना शाफ्टचे टोक डगमगले तर शाफ्ट वाकला आहे.

प्लग काढून एका ओळीत ठेवावेत. फिकट तपकिरी टोके चांगली, काळी तेलकट टोके अर्धवट जळण्याची, पांढरी फोड आलेली टोके इंजिन तापल्याची. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा निराळा, धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. प्लग निघालेलेच असतात तेव्हा कॉम्प्रेशनही मोजून घ्यावे. आकडा किती येतो यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आहेत का, हे अधिक महत्त्वाचे.

इंजिन जमिनीवर सुरू करायचे तर खालचा भाग पाण्याच्या पिंपात हवा किंवा नळ जोडलेला हवा. पाणी खेचणारा रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर काही सेकंदांत जळतो. सुरू होताच मागच्या बारीक नळीतून पाण्याची जोरदार धार पडली पाहिजे. धार मंद किंवा तुटक असेल तर इम्पेलर झिजला आहे किंवा आतल्या वाटा मिठाने तुंबल्या आहेत. पहिला दोष स्वस्त, दुसरा नव्हे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या चार-स्ट्रोक इंजिनांतून अधिकृत मेकॅनिक संगणक जोडून एकूण तास आणि ते कोणत्या वेगाला गेले याची नोंद काढून देतो. विकणाऱ्याने सांगितलेल्या तासांपेक्षा हा कागद अधिक बोलका.

बोटीच्या पोटात बसवलेले डिझेल इंजिन असेल तर धुराचा रंग पाहावा. सुरू होतानाचा थोडा धूर जाऊ द्यावा. नंतरही निळा धूर येत राहिला तर तेल जळते आहे, काळा असेल तर हवा कमी पडते आहे किंवा इंजिनावर भार जास्त आहे, आणि पांढरा असेल तर न जळलेले डिझेल किंवा पाणी. शाफ्ट बाहेर पडतो त्या जागी थेंब थेंब पाणी येणे पारंपरिक पॅकिंगमध्ये अपेक्षित असते. धार लागणे नव्हे.

पेट्रोलच्या बोटीत टाकी आणि नळ्या यांच्याकडे आता अधिक लक्ष द्यावे लागते, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि बोट महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. इंजिनाची नळी नेमकी तिथूनच खेचते. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले रबरही त्याने मऊ पडते. टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवले की वेगळा थर उघड दिसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळात साचते. डेकखालचे झाकण उघडताच पेट्रोलचा वास आला तर आधी झडपा उघडून हवा खेळू द्यावी, गळती शोधावी, आणि तोवर कोणताही स्विच दाबू नये.

वायरिंगमध्ये घरातली तांब्याची वायर आणि चिकटपट्टीचे जोड दिसले तर सगळे वायरिंग नव्याने करावे लागेल असे धरून चालावे. खाऱ्या हवेत असे तांबे आवरणाच्या आत लांबवर काळे-हिरवे पडते. बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरतात. तळातला पाणी उपसणारा पंप बादलीभर पाणी ओतून चालवून पाहावा; तो आपोआप सुरू झाला पाहिजे. सुकाणूचे चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. अडखळत असेल तर केबल आतून गंजली आहे, आणि ती भर समुद्रात अडकते.

एवढे जमिनीवर जमले तरच बोट पाण्यात न्यावी. चाचणी फेरी किमान अर्धा-पाऊण तास हवी, आणि बोटीत नेहमी जेवढी माणसे असतील तेवढा भार हवा. आधी संथ चालवून गिअर पुढे-मागे टाकावा. खटका एकदाच आणि स्पष्ट लागला पाहिजे. मग वेग वाढवत पूर्ण थ्रॉटल द्यावा. बहुतेक चार-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात चालण्यासाठी केलेली असतात. ४,५०० च्या आसपासच अडकणारे इंजिन थकलेले असते, नाहीतर पंखा चुकीचा किंवा तळ घाण असतो. तळ आणि पंखा आधीच पाहिलेले असल्याने कारण पटकन सापडते. पूर्ण वेगात दोन्ही बाजूंना वळावे, नंतर इंजिन बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू करून पाहावे. किनाऱ्याला परतल्यावर लगेच तळाचे झाकण पुन्हा उघडावे. निघताना कोरडा असलेला तळ आता ओला असेल तर लाटांच्या माराने एखादी भेग उघडते आहे, जी उभ्या बोटीत दिसली नव्हती.

कागदांचा प्रश्न बोट कोणत्या कामाची यावर अवलंबून असतो. महाराष्ट्रात पर्यटक किंवा प्रवासी नेणाऱ्या बोटींची नोंदणी आणि पाहणी १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ करते, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सचे खाते. खाड्या, नद्या आणि अंतर्गत जलमार्ग यांवरच्या बोटींसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. नोंदणी आणि पाहणीचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. नोंदणी चालू असून पाहणीची मुदत संपलेली असणे अगदी शक्य आहे, आणि मग प्रवासी बसवता येत नाहीत. दाखल्यावर लिहिलेली लांबी, रुंदी, इंजिनाचा क्रमांक आणि प्रवासी संख्या समोरच्या बोटीशी टेपने मोजून पडताळावी. मासेमारी बोटीच्या बाबतीत नोंदणीखेरीज १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालचा परवाना लागतो. तो नव्या मालकाने स्वतःच्या नावावर घ्यायचा असतो, आणि तो मिळेल का याची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्यात पैसे देण्याआधी करावी. बोटीवर बँकेचा बोजा आहे का, मच्छीमार सहकारी संस्थेची काही येणी आहेत का, हे त्या त्या ठिकाणी जाऊनच विचारावे. विकणाऱ्याचा शब्द खरा असला तरी लेखी ना-हरकत दाखला वेगळा.

परदेशात बांधलेल्या बोटीच्या मागच्या भिंतीवर उजव्या बाजूला बॉडीचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. अमेरिकन बोटींत तो १९७२ च्या अखेरीपासून सक्तीचा झाला. त्यात १२ अक्षरे-अंक असतात आणि १९८४ नंतरच्या बोटींत शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. त्या बोटींत तोच क्रमांक दुसऱ्या एखाद्या झाकलेल्या जागीही असतो. बोट आयात केलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याचे मूळ कागदही मागावेत, कारण ते थकले असेल तर वसुली बोटीमागे येते.

इसार देताना करारात दोन अटी लिहून घ्याव्यात: जमिनीवरची पाहणी आणि चाचणी फेरी समाधानकारक न झाल्यास इसार परत, आणि उरलेली रक्कम नोंदणी नव्या नावावर चढल्यावरच. करारात बॉडी, इंजिन, ट्रेलर, नांगर, लाइफ जॅकेट यांची यादी आणि इंजिनाचा क्रमांक असावा. मागच्या मालकाकडच्या सर्व किल्ल्या, इंजिनाचे पुस्तक आणि दुरुस्तीच्या पावत्या त्याच दिवशी घ्याव्यात. एकदा बोट खाडी सोडून गेली की हे कागद सहसा सापडत नाहीत.